पहिली की दुसरी

मोरेश्वर नाखव्यांचं सदर बुधवारी तीनला यायचं,
आधी पाठकोऱ्या कागदांवर, मग मोबाइलवर.
चुका त्याच.
अकरा वर्षं मी त्यांच्या वेलांट्या सरळ केल्या
नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी,
जिथून खालचा पानवाला दिसे,
आणि गुरुवारी सकाळी तो एकटाच हसताना दिसला
की समजायचं, आज पोचलं.

माणूस चेंदणीचा, कोळीवाड्यातला.
"बापानं खाडीत जाळं टाकलं, मी थेटरात टाकतो.
दोन्हीकडं हल्ली प्लास्टिकच लागतं."
सदराचं नाव 'काटा'.
हसा, पण गिळताना जपून, असं पहिल्याच लेखात,
'जपून'चा उकार अर्थात पहिला.

रंगमंचावर एक स्टूल, एक तांब्या, आणि ते.
"महापालिकेनं खड्डे मोजले.
आमच्या गल्लीतला तेवढा राहिला.
मोजणारे आले तेव्हा तो घरी नव्हता,
शेजारच्या वॉर्डात हळदीला गेला होता."
बाल्कनी थरथरायची.
पुढच्या रांगेतले पुढारीही हसायचे,
आधी बाजूच्याकडं बघून.

मग तलावातल्या कारंज्यावर लिहिलं:
पाणी वर जातं ते फुकट,
खाली नळात यायचं तर टेंडर काढावं लागतं.
जांभळी नाक्यावर चौघांनी शाई ओतली.
ते म्हणाले, "अरे, डोक्यावर काय ओतता, पेनात भरा,
आठवड्याला सातशे शब्द होतात."
तो शर्ट धुतला नाही.
त्याच शर्टात पुढचे चाळीस प्रयोग, सगळे हाऊसफुल्ल,
आणि कोर्टाच्या सतरा तारखा,
ज्यांना ते डब्यात सुकट घेऊन जात
म्हणून बाक आपोआप मोकळा होई.

इथवर सगळे सांगतात.

कुंदा भोपींचं कुणी सांगत नाही.
कळव्याला दाखल्यांच्या खिडकीवर बसायच्या.
"या बाईकडं मेल्याचा दाखला मागा,
माणूस दोनदा मरतो." नावासकट.
मी हसले होते. 'दाखला'तला काना राहिला होता,
तो घातला, आणि पान सोडलं.
सोमवारी त्या आल्या, खांद्याला डब्याची पिशवी.
"त्या आठवड्यात दोघं रजेवर होती.
एकशे साठ अर्ज होते माझ्याकडं.
पोराला वर्गात दोनदामेल्या म्हणतात."
आवाज चढला नाही. पाणी विचारलं, नको म्हणाल्या.
नाखव्यांना फोन करून सांगितलं.
पलीकडं बराच वेळ काही नाही,
फक्त कोळीवाड्यातला कुणाचा तरी मिक्सर.

महिन्याभरात भलत्याच विनोदावरून, मोठ्या माणसाच्या,
पहिल्या पानावर चौकट आली:
आमच्या लेखनामुळे भावना दुखावल्या असल्यास
आम्ही दिलगिरी व्यक्त करतो. खाली नाखव्यांचं नाव.
मी तीनदा वाचली. एकही चूक नाही.
तेव्हाच कळलं, ही त्यांनी लिहिलेली नाही.
सदर बंद. जागेवर राशिभविष्य मोठ्या टायपात.

त्या रात्री साडेअकराला फोन.
"ताई, दिलगिरीतला ग, पहिली की दुसरी?"
"पहिली. पण छापून आली की तुमची!"
"आली काय? वाचली नाय अजून," म्हणाले, आणि ठेवला.

परवा आईच्या दाखल्यासाठी कळव्याला गेले.
खिडकीवर त्याच. केस पांढरे, चष्मा दोरीला.
टेबलाच्या काचेखाली, पगारी सुट्ट्यांच्या यादीशेजारी,
एक पोस्टकार्ड, निळ्या शाईचं, अर्धं फिकटलेलं.
नऊ ओळींत चौदा चुका. उलटं वाचूनही मोजल्या मी,
सवयच ती. ग मात्र बरोबर होता.
बोटं खिशातल्या लाल पेनापर्यंत गेली
आणि तिथंच राहिली.

कुंदाबाईंनी दाखला सरकवला.
"आईचं नाव नीट बघून घ्या," म्हणाल्या,
"वेलांटी चुकली तर आत्ताच सांगा.
नंतर फार हेलपाटे पडतात."